खेळ कोणाचा, घाम कोणाचा?

वडीलधारी मंडळी जमली, की 'आजची मुले खेळत नाहीत' हा सूर हमखास निघतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा इतिहास पाहिला, तर हा सारा दोष मुलांच्या माथी मारणे कठीण जाते.

१८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. तरी त्यानंतर शंभरएक वर्षे स्थानकापासून थोडे दूर गेले, की भातखाचरे लागत. कापणी उरकली, की हीच खाचरे मैदाने होत. हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडू यांना ना वर्गणी लागे, ना गणवेश. पोहणे मुले तळ्यातच शिकत.

मग वस्ती वाढली. १९६०च्या दशकात डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार लोकलच्या भरवशावर इकडे सरकला. १९८२मध्ये ठाणे आणि १९८३मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाण्याची लोकसंख्या साडेबारा लाखांवरून अठरा लाखांपलीकडे गेली. खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, इमारतींच्या अंगणांत मोटारी. ठाण्यात तर पुढे गावदेवी मैदानाच्या पोटातही वाहनतळ झाला! शाळेनंतरचे तास शिकवण्यांनी घेतले, उरलेले आधी दूरदर्शनने आणि नंतर मोबाइलने.

मात्र आमच्या या आठवणी बहुतेक मुलग्यांच्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६मध्ये जगातील ८१ टक्के मुलांची हालचाल रोजच्या एका तासाहून कमी भरली. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के, २००१पेक्षा किंचित कमीच. त्यामागची संभाव्य कारणे वाचून मी थबकलो. मुलग्यांच्या बाबतीत गल्लोगल्लीचे क्रिकेट. मुलींच्या बाबतीत घरकाम.

म्हणजे तिचे पाणी भरणे, धुणे, केर काढणे हे हालचालीच्या खात्यात जमा झाले. तो तिचा मोकळा वेळ नव्हता. लंगडी, फुगडी तिलाही येत असे. पण वयात आली, की तिचे अंगणात खेळणे थांबे आणि कोणी कारण विचारीत नसे.

आमच्या लहानपणी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात चेंडूमागे धावत असू ते आम्ही मुलगे. बहिणी आईबरोबर घरी जात. दुपारचे जेवण व्हायचे असे.