नेब्रास्काशी कुणाला काय देणंघेणं?

नेब्रास्कात काय घडतं याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही, मग लिहिणारा कुणी का असेना, अशा अर्थाचं काहीतरी न्यूयॉर्कमधला एक समीक्षक बोलून गेला होता. विला कॅदरने स्वतःच पुढे एका लेखात हा किस्सा सांगितला. छोट्या गावातून येऊन पुण्यात कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तो वाचून हसू येतं आणि थोडं लागतंही.

कॅदरचा जन्म 1873चा, व्हर्जिनियातला. डोंगर, झाडी, जुनी घरं. 1883मध्ये कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं ते थेट नेब्रास्काच्या वेबस्टर काउंटीत. नऊ वर्षांच्या विलाला ती जमीन पत्र्यासारखी उघडीबोडकी वाटली. नजर पोचेल तिथवर गवत.

तिथे माणसं का येत होती? 1862च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. रेल्वे कंपन्याही आपल्या जमिनी विकायला युरोपात जाहिराती करत. स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन, चेक कुटुंबं आली. लाकूडच नव्हतं, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे ठोकळे कापून त्यांची घरं रचली. छोटी विला तट्टावर बसून या शेजाऱ्यांकडे जायची आणि म्हाताऱ्या बायकांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या गोष्टी ऐकायची.

पण लगेच यावर लिहावं असं तिला वाटलं नाही. आधी डॉक्टर व्हायचं होतं. लिंकनच्या विद्यापीठात असताना, 1891मध्ये, तिचा कार्लाइलवरचा निबंध वर्तमानपत्रात छापून आला आणि गाडी लेखनाकडे वळली. मग पिट्सबर्गमध्ये पत्रकारिता, शाळेत शिकवणं आणि 1906पासून न्यूयॉर्कच्या 'मॅक्लुअर्स' मासिकात संपादकाची नोकरी. पद मोठं, पगार चांगला, स्वतःच्या लेखनाला वेळ नाही. हे चित्र आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं असेल. 1908मध्ये सारा ऑर्न ज्यूएट या ज्येष्ठ लेखिकेने तिला पत्रातून बजावलं, की या नोकरीत तुझी ताकद खर्ची पडते आहे.

1912मध्ये पहिली कादंबरी आली, 'अलेक्झांडर्स ब्रिज'. नायक पूल बांधणारा इंजिनिअर, घटना बॉस्टन आणि लंडनमधल्या. साहित्यात शोभेल असा विषय! ही कादंबरी आपली नव्हे, असं तिला पुढे वाटत राहिलं. लगेच 1913मध्ये 'ओ पायोनिअर्स!' आली. त्यात अलेक्झांड्रा ही स्वीडिश शेतकऱ्याची मुलगी बापामागे शेत सांभाळते. तेव्हा कॅदर 39 वर्षांची होती. तिशीच्या आत काहीतरी करून दाखवायच्या घाईत असलेल्या आपल्या पिढीने हा आकडा लक्षात ठेवावा.

1918च्या 'माय अँटोनिया'मागे तर खरी बाई आहे. अ‍ॅनी सॅडिलेक, चेक स्थलांतरितांची मुलगी. तिच्या वडिलांनी या माळावर आत्महत्या केली होती. नेब्रास्कात आल्यावर कॅदरने ऐकलेल्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी ही एक. अ‍ॅनी रेड क्लाऊड गावात घरकामाला होती. जिच्या आयुष्यावर कुणी ओळभर लिहिलं नसतं, ती कादंबरीची नायिका झाली. पुढे 1923मध्ये कॅदरला 'वन ऑफ अवर्स'साठी पुलित्झर मिळालं.

तरी एक गोष्ट मला सलते. ही जमीन रिकामी नव्हती. या भागात पिढ्यानपिढ्या शिकार करणाऱ्या पॉनी लोकांना 1870च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं, म्हणजे कॅदर कुटुंब येण्याच्या काही वर्षंच आधी. 'माय अँटोनिया'त मूळ रहिवाशांची खूण म्हणून दिसतं ते गवतातलं एक मोठं वर्तुळ, त्यांचे घोडे जिथे दौडत ते. ते लोक कुठे गेले, हे कुणी विचारत नाही.

नेब्रास्काशी कुणाला काय देणंघेणं, या प्रश्नाला कॅदरने आयुष्यभर लिहून उत्तर दिलं. तिची पुस्तकं मला आवडतात, ती मी मित्रांनाही सुचवतो. फक्त सुचवताना त्या वर्तुळापाशी थांबून वाचा, असं सांगतो.