इंजिनाचा उच्छ्वास

गेल्या उन्हाळ्यात मनामातल्या एका सिग्नलला आमची सतरा वर्षांची गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. बॉनेट उघडलं तर आत साप फुसफुसावा तसा आवाज! शोधल्यावर सापडलं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून निघून हवा आत घेणाऱ्या नळीकडे जाणारा बोटभर जाडीचा रबरी पाइप वाकणावर चिरला होता. हात लावला तर कुरडईसारखा मोडून हातात आला.

सलमाबादच्या गॅरेजांच्या वस्तीत एका मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "साब, हवा खींचनेवाला छेद बंद कर देता हूँ, पाइप नीचे खुला छोड़ देंगे. पाँच मिनट का काम." गाडी नक्कीच चालली असती. पण मी नको म्हटलं, कारण हा उपाय म्हणजे गाडीला साठ वर्षं मागे नेणं होतं.

त्याचं असं आहे मंडळी. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी दर स्फोटाला थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली तेलाच्या टाकीकडे निसटतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो कोंडला तर दाबाने सील गळायला लागतात आणि तेलाचा चिखल होतो. म्हणून त्याला वाट हवी. पूर्वी ती वाट साधी होती: गाडीच्या पोटाखाली उघडी सोडलेली एक नळी. गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने वायू रस्त्यावर! गाडी उभी असली की ओढ नाही.

दुसऱ्या महायुद्धात जीपना पाण्यातून जावं लागे. उघड्या नळीतून पाणी आत शिरायचं भय. तेव्हा हा वायू बाहेर न सोडता एका झडपेतून इंजिनालाच परत पाजण्याची युक्ती विलिस जीपमध्ये वापरली गेली. तिथे हेतू इंजिन वाचवण्याचा होता, हवा वाचवण्याचा नव्हे. पुढे 1940च्या दशकाच्या अखेरीस याच विलिसच्या जीपा मुंबईत महिंद्रांकडे जोडल्या जाऊ लागल्या.

हवेचा प्रश्न आला लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचं कोडं 1950च्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने सोडवलं. गृहस्थ मुळात अननसाच्या वासावर संशोधन करणारे! त्यांनी दाखवलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडलं की धुरकं तयार होतं. मग हिशेब झाला तेव्हा कळलं, की गाडीतून निघणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर पोटाखालच्या त्या निरुपद्रवी नळीतून येतो. 1961 साली कॅलिफोर्नियाने जीपची ती जुनी युक्ती सक्तीची करायचं ठरवलं आणि 1963 पासून ती अमलात आली. गाड्यांच्या प्रदूषणावरची अमेरिकेतली ही पहिली सक्ती. पुढचे सगळे नियम तिच्यामागून आले. भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिल्या मर्यादा यायला 1989 उजाडलं.

तर मिस्त्रींना मी एवढंच म्हटलं, "नया पाइप डालेंगे." त्यांनी पाण्याच्या पाइपाचा तुकडा काढला. तोही नको म्हटलं. साधं रबर तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडतं. इथे तेल सोसणारं नायट्राइल रबर लागतं. आतल्या व्यासाचं माप घेऊन तसा पाइप आणला, दोन क्लिपा लावल्या. झडप काढून हलवली, आतून खुळखुळ आवाज आला, म्हणजे अडकलेली नव्हती. सगळा मिळून अर्धा तास. फुसफुस थांबली, थडथड थांबली.

अर्थात इथली उष्णता बघता हाही पाइप कधीतरी कुरडई होणारच. असो.

परतताना जबल दुखानची आठवण झाली. आखाताच्या अरबी किनाऱ्याकडचं पहिलं तेल 1932 मध्ये याच टेकडीच्या पायथ्याशी लागलं. दुखान म्हणजे धूर. दमट दिवसांत टेकडीभोवती धुकट हवा दिसते म्हणून हे नाव, तेलाच्या कितीतरी आधीचं. त्या धुराचं काही करता येत नाही. माझ्या बॉनेटखालच्या धुराचं मात्र अर्ध्या तासात करता आलं.