फळमाशीचं घड्याळ प्रकाशाने ‘सिंक’ कसं होतं?

फोनचं घड्याळ थोडंथोडं भरकटत असतं, म्हणून तो अधूनमधून सर्व्हरकडून खरी वेळ घेतो. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या फळमाशीच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या शरीरातही घड्याळ आहे. तिचा सर्व्हर सूर्य. पण सूर्य ‘सहा वाजले’ असं सांगत नाही. उजेड आहे की नाही, एवढाच सिग्नल. तरी घड्याळ पुढे सरकवायचं की मागे, हे ठरतं. इंजिनिअर म्हणून मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आधी घड्याळ बघू. क्लॉक आणि सायकल ही प्रोटीन्स पीरियड आणि टाइमलेस ही जनुकं चालू करतात. त्यांपासून त्याच नावांची प्रोटीन्स बनतात, रात्री साठत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-सायकललाच गप्प करतात. मग ती नष्ट होतात आणि लूप पुन्हा सुरू. एक फेरी साधारण २४ तासांची. पीरियड जनुकाचा माग कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ मध्ये काढला. पुढची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता प्रकाश. घड्याळ चालवणाऱ्या बऱ्याच पेशींत क्रिप्टोक्रोम नावाचं प्रोटीन असतं. निळा प्रकाश पडला की ते टाइमलेसला चिकटतं. मग जेटलॅग नावाच्या प्रोटीनच्या (हो, खरंच हेच नाव!) मदतीने टाइमलेसवर ‘डिलीट’चा शिक्का बसतो आणि पेशी ते मोडून टाकते. त्याचा आधार गेला की पीरियडही फार टिकत नाही.

रात्रीच्या सुरुवातीला हे झालं, तर साठा पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो: घड्याळ मागे पडतं. पहाटे झालं, तर जे नंतर नष्ट होणारच होतं ते लवकर जातं: घड्याळ पुढे सरकतं. भर दिवसा टाइमलेस मुळात कमीच, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. म्हणजे सिग्नल एकच, उत्तर मात्र लूप कुठे पोचलंय त्यावर.

बॅकअपही आहे. क्रिप्टोक्रोम बिघडलेल्या माश्या डोळ्यांच्या मदतीने दिवस-रात्रीशी जुळवून घेतात. उलट साध्या माश्यांना सतत उजेडात ठेवलं, तर त्यांची लयच हरवते.

आपल्याकडे हे काम क्रिप्टोक्रोम करत नाही; डोळ्यातल्या मेलॅनोप्सिन असलेल्या पेशी मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देतात. दिशा मात्र तीच: रात्री उशिराचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, सकाळचा पुढे.