प्रागमधली एक बरोबरी

१९३१ साली प्राग येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले. एका बाजूस जगज्जेते अलेखिन. समोर इंग्लंडच्या पहिल्या पटावर पंजाबचे सुलतान खान, सर उमर हयात खान या जमीनदारांच्या पदरचे. देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चालते. विलायती नियम त्यांनी मागाहून शिकलेले. तरी डाव बरोबरीत सुटला. त्याच स्पर्धेत त्यांनी रुबिन्स्टाइनला तर हरवलेच. लिहिणारे मात्र त्यांना 'चाकर' म्हणत आले. घरच्यांना ते मान्य नाही, आणि मी तर त्यांना अहोजाहोच करणार. १९३३ अखेर जमीनदारांबरोबर ते मायदेशी परतले. मोठ्या स्पर्धा संपल्या. १९६६ मध्ये ते वारले. सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली २०२४ साली!