चुंबकीय मेंदू-उद्दीपन व निकोटिनची तलफ

डोक्याबाहेर ठेवलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून मेंदूतील चेतापेशी शस्त्रक्रियेविना उद्दीपित करण्याचे तंत्र. अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी ते १९८५ मध्ये शेफील्ड (इंग्लंड) येथे विकसित केले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या बाह्यकात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. तलफेवरील उपचारात आत्मसंयमाशी संबंधित कपाळामागील भाग आणि व्यसनाच्या ओढीशी निगडित ‘इन्सुला’ यांवर स्पंद सोडतात. धूम्रपान करणाऱ्या २६२ जणांच्या चाचणीत (प्रसिद्धी २०२१) ३ आठवडे रोज, सुट्ट्या वगळून १५, व पुढील ३ आठवडे साप्ताहिक सत्रे झाली. १८ आठवड्यांच्या काळात सलग ४ आठवडे धूम्रपानमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण खरे उद्दीपन दिलेल्या गटात १९·४ टक्के, तर लटके उद्दीपन दिलेल्या गटात ८·७ टक्के होते. अमेरिकेत धूम्रपान सोडण्यास साहाय्य म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये या उपचाराला परवानगी मिळाली. डोकेदुखी हा नेहमीचा दुष्परिणाम. फीट क्वचितच येते. डोक्यात चुंबकाला प्रतिसाद देणारा धातू बसवलेला असल्यास उपचार वर्ज्य ठरतो. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार ३·८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २४·४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत. उपर्युक्त चाचणी सिगारेटपुरती असल्याने तिचे निष्कर्ष मिश्री, खैनी वा गुटख्याला थेट लागू होत नाहीत.