ट्रंकेतले घड्याळ

जुनी नाणी जमविणारा माणूस आपल्याला विद्वान वाटतो. जुनी मनगटी घड्याळे जमविणारा मात्र शौकीन, नाहीतर थोडा चक्रम वाटतो. हा भेद मला पटत नाही. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला लिंबागणेशला नेतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या वाटेवर भालचंद्र गणपतीचे हे गाव. तिथल्या एका घरी आजींनी ट्रंकेतून रुमालात बांधलेले घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवले. "ह्याचा काटा फिरत नाही सर, पर टाकवत बी नाही." पिवळट पडलेली तबकडी, वर एच.एम.टी. आणि खाली देवनागरीत 'जनता'. लग्नात त्यांच्या वडिलांनी गोऱ्हा विकून जावयाला दिलेले. घड्याळ, सायकल आणि रेडिओ यांवाचून जावई मांडवात रुसायचे, तो हा काळ! नातू म्हणाला, "तबकडी नवी रंगवून आणतो. जुन्या घड्याळाला आता गिऱ्हाईक आहे म्हणतात."

गिऱ्हाईक आहे, हे खरे. मनगटी घड्याळाचा इतिहास काही फार लांबचा नाही. पूर्वी खिशातल्या साखळीच्या घड्याळाचा मान होता. मनगटावरचे घड्याळ बायकांचा दागिना समजत. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १८ मध्ये, खंदकातल्या शिपायाला खिशात हात घालायला सवड नव्हती, आणि पुरुषांची मनगटे बदलली. आपल्याकडे 'वेस्ट एंड' कंपनीची स्विस घड्याळे खपत. कित्येकांच्या तबकडीवर 'बॉम्बे-कलकत्ता' छापलेले असे, आणि 'सोवार' म्हणजे स्वार हे त्यांतले नावाजलेले नाव. पुढे १९६१ साली बंगळूरला सरकारी एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने कारखाना काढला. आरंभीच्या काही तबकड्यांवर दोन्ही नावे आढळतात. संग्राहक आज तीच शोधत फिरतात. मग सेलवरची क्वार्ट्झ घड्याळे आली, रोज किल्ली देण्याची सवय सुटली, आणि २०१४ मध्ये सरकारने हा घड्याळाचा उद्योग बंद करण्याचे ठरविले. त्या बातमीसरशी दुकानांतून झुंबड उडाली. जिवंतपणी विचारले नाही, आणि नंतर वर्षश्राद्धाला पंगत!

मागणी वाढली तसा एक धंदाही वाढला. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याचे झाकण, वर झगझगीत रंगाची नवी तबकडी, असे जोडकाम करून ते 'दुर्मिळ' म्हणून विकतात. परदेशी संग्राहकांत अशा मालाला मुंबईचेच नाव पडले आहे. ही कीर्ती काही भूषणाची नव्हे. जाणता माणूस भिंगातून आधी तबकडीच बघतो. अक्षरे जाडीभरडी आहेत का? सेकंदाच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत का? काटे पिवळे आणि तबकडी कोरी असे तर नाही ना? जुन्या मोडी कागदावर ताज्या शाईची अक्षरे दिसली तर दप्तर तपासणारा जसा थबकतो, तसेच हे.

नातवाला मी एवढे समजावले, कारण मी स्वतः ते करून बसलो आहे. वडिलांचे घड्याळ मीही हौसेने नवे करवून आणले. ते आता सुरेख दिसते, वेळही बरोबर दाखवते. पण त्यांच्या अंगठ्याने झिजलेली किल्ली गेली, घामाने डागाळलेली तबकडी गेली. जुने भाग परत मागायचेही मला सुचले नाही.

"मग बंदच ठेवायचं का?" नातवाने विचारले. तसे नव्हे. आतले यंत्र साफ करावे, तेल घालावे, लागल्यास कमान बदलावी. चेहऱ्याला हात लावू नये. आणि विकायचे तर विकावे, पण घरची हकीकत आधी लिहून ठेवावी.

तो वही घेऊन बसला. आजी, लग्न कोणत्या साली झाले? साल आजींना ठाऊक नव्हते. जरा वेळ बोटे मोजून म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. गोऱ्हा तव्हाच इकला म्हणून बरं, पुढच्या साली वैरणच नव्हती." नातवाने लिहिले, कागदाची घडी घातली आणि घड्याळाबरोबर रुमालात बांधली.