‘हॅम्लेट’मधील एक क्रियापद आणि स्पॅनिश अनुवादक

अनेकार्थी शब्दाला कोशात पर्याय सापडणे आणि त्यांतील उचित पर्यायाचा निर्णय होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. ‘हॅम्लेट’च्या स्पॅनिश अनुवादांचा इतिहास हा भेद स्पष्ट करतो. नायकाच्या सुप्रसिद्ध स्वगताच्या आरंभीचे इंग्रजी ‘बी’ हे क्रियापद अस्तित्व, स्वरूप आणि अवस्था हे तिन्ही अर्थ एकवटून धरते. स्पॅनिशमध्ये त्यांची वाटणी झालेली आहे : स्वरूपासाठी ‘सेर’, अवस्था व स्थान यांसाठी ‘एस्तार’, आणि निव्वळ अस्तित्वासाठी ‘एक्सिस्तिर’.

1772 मध्ये माद्रिदच्या रंगभूमीवर आलेले रूपांतर द्युसीच्या फ्रेंच नाटकावर आधारलेले असल्याने इंग्रजी क्रियापदाचा पेच तेथे थेट उद्भवलाच नाही. तो प्रथम लेआंद्रो फेर्नांदेस दे मोरातीन याच्यापुढे उभा राहिला. इंग्लंडचा प्रवास करून आलेल्या या नाटककाराने 1798 मध्ये मूळ इंग्रजीवरून केलेला अनुवाद टीपांसह प्रसिद्ध केला. त्याने ‘एक्सिस्तिर’ निवडले. नव-अभिजातवादी मोरातीनला शेक्सपिअरची नियमबाह्यता खटकत असे. अर्थाची निःसंदिग्धता हे त्याचे मूल्य होते. त्यामुळे स्वगत जगण्या-न जगण्याच्या विचारापुरते स्पष्ट झाले. पण त्याच प्रमाणात संकुचितही झाले.

पुढे ‘सेर’ रूढ झाले. विसाव्या शतकात लुइस आस्त्राना मारिन यानेही तेच स्वीकारले. विधेयपूरकाविना आलेले ‘सेर’ तत्त्वमीमांसेतील ‘सत्’ या संकल्पनेचे सूचन करते आणि आत्महत्येच्या विचाराला व्यापक परिमाण देते. येथे एक विसंगती मात्र उरतेच. माणूस जिवंत वा मृत असल्याचे विधान व्यवहारातील स्पॅनिश ‘एस्तार’ने करते. मृत्यूविषयीच्या या स्वगतात नेमके तेच क्रियापद अस्थानी ठरते. कारण पूरकाविना त्याचा अर्थ केवळ ‘हजर असणे’ असा उरतो.

त्याच ओळीतील ‘क्वेश्चन’ या शब्दाचीही हीच कथा. मोरातीनने ‘क्वेस्तिओन’, तर आस्त्रानाने ‘प्रोब्लेमा’ योजले. उत्तराची अपेक्षा करणारी ‘प्रेगुंता’ दोघांनीही टाळली. हॅम्लेट कोणाला काही विचारत नसून वादविषय मांडत आहे, हे अर्थनिर्णयन त्या टाळण्यात अंतर्भूत आहे.

म्हणूनच अशा निवडींची समीक्षा ‘बरोबर’ आणि ‘चूक’ एवढ्यावर थांबू शकत नाही. मूळ संहितेची अनेकार्थता अबाधित ठेवण्याची सोय लक्ष्यभाषेत नसते, तेव्हा अनुवादकाने कोणता अर्थ राखला आणि कोणता सोडला, यातूनच त्याचे आणि त्याच्या काळाचे शेक्सपिअर-वाचन हाती लागते.